तोंड बंद, देखावा चालू

सांगली-सातारा भागात गणपतीत कधी जिवंत देखावा बघायला उभे राहिला असाल, तर माझी-तुमची ओळख आहे. तुम्ही मला बघितलेलं नाही, पण ऐकलेलं आहे.

जिवंत देखावा म्हणजे मंडळाच्या मांडवात छोटं स्टेज, त्यावर गावातलीच माणसं सजूनधजून उभी. संवाद मात्र ती बोलत नाहीत. ते आधीच सांगलीत रेकॉर्ड होऊन आलेले असतात. कर्ण्यातून आवाज येतो आणि स्टेजवरची माणसं त्यावर तोंड आणि हात हलवतात. तो आवाज आमचा. एका गोदामामागच्या खोलीत भिंतीला गोधड्या ठोकून केलेला आमचा स्टुडिओ आहे आणि वीसपेक्षा जास्त वर्षं आषाढ-श्रावणात मी तिथंच असते. एका सीझनला मी आई असते, सून असते, सासू असते, सहा वर्षांची पोर असते आणि अडल्यावेळी पाळण्यातलं रडकं बाळही मीच. सासू-सुनेचं भांडण मी एकटी भांडते आणि दोघीही हार जात नाहीत.

पण माझं नाव झालं ते त्या सहा वर्षांच्या पोरीवर. दर दुसऱ्या देखाव्यात एक पोर असतेच. "बाबा, तुम्ही दारू सोडा ना," असं ती म्हणते आणि बाबा सोडतात. माझ्या वयाच्या बायका गुडघे धरून जिना चढतात, आणि मी माईकसमोर उभी राहिले की फ्रॉक घातलेली पोर. त्याचा मला लय गर्व होता. का नसावा?

माझं माहेर साताऱ्याचं. लहानपणी गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करायचे. एकदा दूधवाल्याची केली तर शेजारीण पातेलं घेऊन बाहेर आली, आणि मग मला आईनं पातेल्यानंच समजावलं. आता साताऱ्याकडं मालिकांची शूटिंगं चालतात. एकदा मलाही बोलावलं, दारामागून ओरडणाऱ्या शेजारणीच्या आवाजासाठी. माझ्या बहिणीनं अख्खी गल्ली टीव्हीसमोर बसवली. "ती बघा, ती बघा आमची ताई!" आणि पडद्यावर नुसतं बंद दार. गल्लीनं त्या दाराला टाळ्या वाजवल्या.

एक कबूल करते, मी बोलते फार. नवरा एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर झालाय. तो म्हणायचा, दिवसभर गाडीत शंभर माणसं बोलतात आणि घरी एकटी तू, पण घरी जास्त गर्दी वाटते. मी म्हणायचे, मग गाडीतच झोपा.

त्या साली आषाढात कामाचा नुसता धुरळा होता. सगळ्या मंडळांना एकदम जाग आलेली. आज स्क्रिप्ट आणायची, उद्या रेकॉर्डिंग हवं. कडेगावकडच्या आमच्या सासरच्या गावच्या मंडळाचा देखावा होता, सुट्टीवर घरी आलेला जवान आणि त्याची आई. त्यांच्या शेजारच्या गावाचा होता, ओला कचरा आणि सुका कचरा. त्यात दोन बायका कचऱ्यावरून अशा भांडतात की ऐकणाऱ्यानं पदर खोचावा. दोघी मीच, आणि त्यांना समजावणारी पोरही मीच. एका दुपारी बसून मी तो सगळा राडा रेकॉर्ड केला आणि घरी येऊन नवऱ्याशीही त्याच पट्टीत बोलले.

श्रावणात एका देखाव्याचं काम चालू होतं. "बाबा" म्हणायचं होतं. पहिला "बा" आला, दुसरा आलाच नाही. नुसता वारा. परत म्हटलं, परत वारा. आमचा रेकॉर्डिंगवाला हेडफोन काढून बाहेर आला. मग म्हणाला, "वैनी, पाणी प्या आणि घरी जावा."

ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळदीचं दूध झालं. शेजारच्या जैन काकूंनी सुंठीचा काढा करून पाठवला, तोही झाला. शेवटी नवऱ्यानं मला मिरजेला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, माझ्या भाचीएवढी. घशात नळी घालून तिनं पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एकीवर मुगाच्या दाण्याएवढा फोड. मी बघतच राहिले. एवढं सगळं आयुष्य या दोन पट्ट्यांवर काढलं होय? आणि त्यावर हा मूग!

"हा काढावा लागेल," ती म्हणाली. "ऑपरेशन लहान आहे. खरं काम नंतरचं. पूर्ण मौन. मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं घशावर आणखी ताण येतो. खाकरायचं नाही, खदाखदा हसायचं नाही."

मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "आवाज परत येईल ना?"

"येईल. पण कसा येईल ते आत्ता नाही सांगता येत. गप्प बसलात तर चांगला येईल. ओरडलात तर कदाचित कायमचा बिघडेल. आणि शक्यतो रागावू नका."

यावर नवरा हसला. मी त्याच्याकडं बघितलं आणि तो हसायचा थांबला.

ऑपरेशन झालं. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. पहिले दोन-चार दिवस घरात जत्राच होती. मी गप्प बसलेय हे बघायला गल्लीतल्या बायका येऊन जायच्या. समोर बसायच्या, चहा प्यायच्या, माझ्याकडं टक लावून बघायच्या आणि जाताना म्हणायच्या, "खरंच की हो, काय बोलत न्हाईत!" जशी काय मी समाधी लावून बसले होते.

घरात आम्ही एक खूण ठरवली. नवऱ्याला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा त्याला कधी सापडत नाही, म्हणून लिहिण्याचा उपयोग नव्हता. एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही. सोपं! पण ज्या माणसानं जन्मभर एसटीत घंटी मारली त्याच्या डोक्यात एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चला. "भाजीत आणखी मीठ घालू का?" मी जोरात दोन टाळ्या वाजवल्या. त्यानं मूठभर घातलं. ती भाजी आम्ही दोघांनी डोळ्यातनं पाणी काढत खाल्ली, आणि एवढं होऊन मला त्याला बोलता आलं नाही. सांगते, नवऱ्यावर चिडायचं आणि गप्प बसायचं यासारखी शिक्षा नाही.

हसणं असं पाच-सहा दिवस पुरलं. मग दुपारी अंगावर यायला लागल्या. उरलेल्या स्क्रिप्टा रेकॉर्डिंगवाल्यानं मिरजेच्या एका कॉलेजातल्या पोरीला दिल्या होत्या. द्यायलाच हव्यात, मंडळं थोडीच थांबतात. पण एक दिवस स्टुडिओवरून जाताना खिडकीतनं तिचा आवाज आला, "बाबा, तुम्ही दारू सोडा ना." माझी पोर! माझी सहा वर्षांची पोर दुसरीच कुणी बोलत होती, आणि बरी बोलत होती, हे जास्त लागलं. घरी येऊन मी भिंतीकडं तोंड करून पडले. मग पडूनच राहायला लागले. केसांना तेल नाही, दारात रांगोळी नाही. नवरा विचारायचा, "जेवतेस का?" आणि मी टाळीच वाजवायची नाही. मला खरंच भीती बसली होती. आवाज नाही आला तर मी कोण? कंडक्टरची बायको, बस्स. वीस वर्षं लोकांनी मला ऐकलं आणि बघितलं कुणीच नाही. आवाज गेला म्हणजे मग माझं काहीच उरत नव्हतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईनं घसा बघितला. "छान भरतंय," म्हणाली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "घशाचं कळलं. तुमचं काय? दिवसभर काय करता?"

मी कागदावर लिहिलं, काही नाही. आणि मला रडू फुटलं. आवाज न काढता रडून बघा कधी. नाकातनं, डोळ्यातनं, खांद्यातनं कुठनं कुठनं येतं. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "काकू, मी गप्प राहा म्हटलं होतं. कोंडून घ्या म्हटलं नव्हतं. माणसांत जा. हातांनी काहीतरी करा. झोप येत नसेल, असंच वाटत राहिलं, तर मला सांगा, त्यासाठीही आमच्याकडं चांगले डॉक्टर आहेत. त्यात लाजायचं काही नाही."

नवऱ्यानं हे मनावर घेतलं. आवरलं, पिशवी भरली आणि मला गणपतीला गावी घेऊन गेला.

गावी पोचून हातपाय धुतोय तोवर मंडळाचा अध्यक्ष हजर. आमच्या भावकीतलाच, पंचविशीतला, गळ्यात मंडळाचा रुमाल. चेहरा मात्र परीक्षेत नापास झाल्यासारखा.

"काकी, लय अडचण झालीया. आईचं काम करणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंना चिकनगुन्या झालाय. उठता येईना त्यांना. तुमी उभ्या ऱ्हाता का? आवाज तर तुमचाच हाय. निस्तं तोंड हलवायचं."

मी, लोकांसमोर? वीस वर्षं गोधड्यांच्या खोलीत काढलेली बाई मी. चार माणसांत हळदीकुंकवाला उभं राहायचं तरी मला पदर कुठं ठेवावा कळत नाही. आणि त्या कर्ण्यातनं कोण बोलणार? माझा जुना आवाज. जो परत येईल की नाही ठाऊक नाही, तो चौकभर घुमणार आणि मी त्याच्याखाली मुकी उभी राहणार? छे! मी सगळा जीव काढून दोन टाळ्या वाजवल्या.

"डबल बेल!" नवरा ओरडला. "सुटली गाडी!"

अध्यक्षानं माझे पाय धरले आणि पळाला. मी मागं हातवारे करत दारापर्यंत गेले, तर त्यानं तिकडनं मला हात केला. वळून नवऱ्याकडं बघितलं. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आयला," तो म्हणाला, "ते न्हाई होतं व्हय?" त्या संध्याकाळी मी भांडी घासली ती शेजारच्या गल्लीला ऐकू गेली.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेले ती नाही म्हणायलाच. पण मी नाही म्हणणार कशी? मान हलवायला लागले की बायका म्हणायच्या, "घाबरू नगासा, आमी हाय की." एकीनं लुगडं आणलं, एकीनं डोरलं. एकीनं माझ्या केसांना पांढरी पावडर लावली. तिची काही गरज नव्हती, पण आता टाळी वाजवायची सोय राहिली नव्हती.

जवानाचं काम करायला खरा जवान होता. गावातला, सुट्टीवर आलेला, मिशीवाला आणि सहा फुटांचा. सीमेवर उभा राहिलेला गडी, पण स्टेजवर चढला की ताठ सावधान. "जरा आईला मिठी मार की रं," अध्यक्ष म्हणायचा, तर हा सॅल्यूट ठोकायचा. त्याची खरी आई पहिल्या ओळीत बसून कपाळाला हात लावायची.

मग रेकॉर्डिंग सुरू झालं. बासरी वाजली. आमच्या रेकॉर्डिंगवाल्याकडं बासरीचा एकच तुकडा आहे, तो बारशालाही लावतो आणि मयतालाही. त्यानंतर कर्ण्यातनं मी बोलले, "माझ्या काळजाच्या तुकड्या, आलास रे बाळा!" अंगावर काटा आला माझ्या. किती उंच, किती गोड होता तो आवाज. मला वाटलं आता इथंच रडणार. पण रडायला फुरसतच मिळाली नाही, कारण माझं तोंड मागं पडत होतं. माझंच वाक्य, मीच बोललेलं, आणि मलाच गाठता येईना! बाई पळत सुटलीय आणि मी मागनं चप्पल हातात घेऊन धावतेय, तशी गत. बायका हसल्या. मलाही हसू आलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा जमलं आणि मी स्वतःशीच टाळी वाजवली. एकच. किती दिवसांनी एक टाळी वाजवली होती.

त्या रात्री मी जेवले आणि गाढ झोपले.

देखावा सुरू झाला त्या संध्याकाळी आसपासच्या गावांतनं ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. पहिला खेळ सुरेख झाला. मी दारात वाट बघितली, जवान आला, बायकांनी डोळे पुसले. जवानानं सॅल्यूट ठोकलाच, पण लोकांना वाटलं तसंच असतं. दुसऱ्या खेळासाठी पडदा उघडला. अंगणात मी आरतीचं तबक घेऊन उभी. बासरी वाजली. जवान पाठीवर किटबॅग घेऊन आत आला. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला, आणि कर्ण्यातनं मी कडाडले,

"ए बया! परत माझ्या दारात कचरा टाकलास? थांब, आज तुझी खोडच मोडते!"

कचऱ्याची रेकॉर्ड! शेजारच्या गावाची! साउंडवाला दोन्ही मंडळांचा एकच, दोन्ही पेनड्राइव्ह त्याच्याच खिशात. त्यानं चुकीचा लावला, बासरी ऐकून निर्धास्त झाला आणि गर्दीतनं वाट काढत चहाला गेला. त्याची केबिन कुलूपबंद. अध्यक्ष त्याच्या नावानं हाका मारत गर्दीत घुसलेला मला स्टेजवरनं दिसला.

जवान माझ्या पायाशी वाकलेला तसाच. मांडवात कुठंतरी खुसखुस सुरू झाली. माझ्या घशापाशी शब्द येऊन उभे राहिले. स्टेजच्या कडेला सूचना द्यायचा माईक होता. चार पावलं टाकली असती, तो उचलला असता आणि एका वाक्यात सगळं सावरलं असतं. जन्मभर मी आवाजानंच सावरलंय. हात पुढं गेलासुद्धा. मग तो मूग आठवला. आत्ता ओरडले तर कायमचा जाईल. मी तोंड घट्ट मिटलं.

आणि तबक खाली ठेवून कोपऱ्यातला खराटा उचलला.

पदर खोचला. खराटा किटबॅगकडं रोखला, कर्ण्यातली बाई जे जे म्हणत होती त्यावर तोंड आणि कंबर दोन्ही चालवली. मांडव फुटला! जवान दचकून उभा राहिला, बॅग पडली, हा सावधान. तेवढ्यात कर्ण्यातली दुसरी बाई बोलली, "टाकलाय तर टाकलाय! काय करशील गं?" मी खराट्यानं जवानाच्या मिशीकडं खूण केली, तू! त्याला काय सुचलं देव जाणे, पण त्यानं कमरेवर हात ठेवला आणि तोंड हलवलं. सहा फुटांचा मिशीवाला गडी आणि आवाज माझा, ठसक्यातला. त्याची आई पहिल्या ओळीत हसून हसून आडवी झाली.

मग ती पोर बोलली. "आई, काकू, भांडू नका ना. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात." स्टेजवर पोर नव्हती. मी होते. मी खराटा टाकला, उकिडवी बसले, पदराचं टोक फ्रॉकसारखं धरलं, मान वाकडी केली आणि झाले सहा वर्षांची. जो आवाज माझ्या घशात उरला नव्हता त्याला हात, डोळे, गुडघे दिले. शिट्ट्या पडल्या. ट्रॅक्टरवरची पोरं उठून उभी राहिली. मला बघत होती माणसं! मला! किती आनंद झाला म्हणून सांगू? ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं, म्हणून मी उड्या मारल्या.

जवानही आता सुटला होता. त्यानं खाली बसून किटबॅगमधला कचरा निवडायला घेतला. मोजे इकडं, टॉवेल तिकडं. आणि निवडता निवडता हातात आली बाटली. कँटीनची, रमची, सीलबंद. गडी खऱ्या बॅगेसकट स्टेजवर आला होता! तो थिजला. मी बाटलीकडं बोट केलं, मग लोकांकडं वळून दोन्ही हात पसरले, ही कुठं टाकू?

"ओला! ओला!" सगळं गाव ओरडलं. एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "माझ्याकडं द्या, मी टाकतो."

तेवढ्यात साउंडवाला सापडला आणि आवाज बंद झाला. अध्यक्ष रडकुंडीला येऊन स्टेजमागं आला. "काकी, इज्जत गेली मंडळाची." बाहेर लोक "वन्स मोअर" म्हणून खुर्च्या बडवत होते. मी त्याचे खांदे धरून त्याला पडद्याच्या फटीतनं बाहेर बघायला लावलं. त्यानंतर विसर्जनापर्यंत रोज आम्ही दोन्ही खेळ केले, आधी जवानाचा, मग कचऱ्याचा. शेजारच्या गावचं मंडळ भांडायला आलं आणि बघून हसत गेलं.

मला कुणी विचारतं, एवढी वर्षं या लाइनीत राहून डोकं ठिकाणावर कसं ठेवलंत? मी कुठलं ठेवलं होतं! माझं सगळं एका फांदीला टांगलेलं होतं आणि ती मोडली तशी मी खाली आले. फक्त पडले ती माणसांत पडले. नवऱ्याच्या त्या चुकीनंच माझं भलं झालं, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण आता मी शहाणी झालेय. दुपारी कामाशिवाय बसायला शिकलेय. घसा दुखला तर दुखला म्हणते. आणि आतून अंधारून यायला लागलं की भिंतीकडं तोंड करण्याआधी कुणाच्या तरी दारात जाते.

गणपतीनंतर मिरजेला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाली, "चला, बोला आता." एवढे दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं विसरले. "आ" म्हटलं. आला! पण कुणाचा? जाडा, खालच्या पट्टीतला, जात्यातनं भरडा पडावा तसा खरखरीत. मी मागं वळून बघितलं.

"हाच तुमचा," ती म्हणाली. "तंतू निरोगी आहेत. थोडा मोकळा होईल, पण पहिल्यासारखा उंच नाही जाणार. आणि लहान मुलीचा आवाज काढायचा नाही. त्यानंच फोड आला होता."

म्हणजे माझी पोर गेली. परत येताना रिक्षात मी रडले, लपवत नाही. नवरा हात धरून बसला. मधेच रिक्षावाल्यानं खड्ड्यातनं अशी गाडी घातली की माझं डोकं वर आपटलं, आणि मी त्याच रडत्या तोंडानं म्हणाले, "हळू चालव की रं, मुडद्या!" तो नवा आवाज घुमलाच असा की त्यानं ब्रेक मारला, वळून हात जोडले आणि सांगलीपर्यंत बैलगाडीसारखी रिक्षा चालवली. जुन्या आवाजाला आयुष्यात कुणी असं घाबरलं नव्हतं. नवऱ्यानं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. आता मला मोठ्यानं हसायची परवानगी होती. मी हसले.

पुढच्या आषाढात आमच्या गावच्या मंडळानं जवानाचा देखावा नव्यानं लिहून पाठवला. पोरीचं काम मी मिरजेच्या त्या मुलीला द्यायला लावलं. आधी जीवावर आलं, खोटं कशाला बोलू? पण ती पोर माईकसमोर श्वास कुठं घ्यायचा ते विचारायला आली आणि मी सांगत बसले ते दोन तास. ती मला मावशी म्हणते. फार बोलते, माझ्यासारखीच.

आईचं काम माझं. गोधड्यांच्या खोलीत परत उभी राहिले. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडं. माईकसमोर हा आवाज मी अजून काढलाच नव्हता. नव्या स्क्रिप्टमध्ये काळजाचा तुकडा वगैरे काही नव्हतं. पोरगं दारात येतं आणि आई म्हणते, "आलास व्हय रं? बस. आदी जेवून घे." बस्स, एवढंच वाक्य.

म्हटलं.

काचेपलीकडं त्यानं मान खाली घातली. आला का आवाज, नाही आला, माझा जीव वरखाली. शेवटी तो म्हणाला, "वैनी, परत एकदा म्हणा."

"का? कुठं चुकलं?"

"चुकलं न्हाई कुटं." त्यानं हेडफोन काढून डोळे पुसले आणि परत कानाला लावला. "मला परत ऐकायचंय."

मी माईकजवळ सरकले आणि परत म्हटलं.